क्षणभर टिकणारे अणुगर्भ

पेण आणि रोहा या तालुक्यांत भातशेतीची एक जुनी रीत आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत, पाऊस येण्यापूर्वी, रोपांच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत व माती यांचे थर पसरून ते पेटवितात. यालाच राब भाजणें म्हणतात. राब विझल्यावर मागें उरणाऱ्या राखेंत जो काळा कोळसा दिसतो, तो मुख्यतः कार्बन. हाच पदार्थ भाताच्या दाण्यांत असतो, त्या भाताच्या पोह्यांत असतो आणि पोहे खाणाऱ्या माणसाच्या रक्तमांसांतहि असतो. झाडें तो हवेंतून घेतात. हवेला तो पृथ्वीच्या पोटांतून मिळाला. आणि ज्या वायुमेघापासून सूर्य व पृथ्वी हीं घडलीं, त्या मेघांत तो आधींच्या पिढ्यांतील ताऱ्यांनीं सोडलेला होता. येथपर्यंतची वाट सरळ आहे. परंतु ताऱ्याच्या पोटांत कार्बन मुळांत घडतो कसा, हें पाहूं गेलें कीं वाट अडते. तेथें मधला एक टप्पा असा आहे कीं, पापणी लवण्याच्या वेळाशीं त्याच्या आयुष्याची तुलनाच होऊं शकत नाहीं. आणि तरीहि त्या टप्प्यावांचून पृथ्वीवर राबाचा कोळसा दिसलाच नसता.

अशा टप्प्याला पदार्थविज्ञानांत ‘अनुनाद’ असें नांव आहे. हलक्या व अस्थिर अणुगर्भांचे अनुनाद म्हणजे काय, ते गणितांत कसे पकडतात, आणि त्या गणिताची परीक्षा मुंबईंतच कशी झाली, हा या भाषणाचा विषय आहे.

अणूच्या मध्यभागीं अणुगर्भ असतो आणि तो प्रोटॉन व न्यूट्रॉन या दोन प्रकारच्या कणांचा बनलेला असतो. विश्वांतील दृश्य द्रव्याचा फार मोठा भाग हायड्रोजन आणि हेलियम या दोन सर्वांत हलक्या मूलद्रव्यांचा आहे. सूर्यासारखा तारा आपल्या पोटांतील हायड्रोजनचे गर्भ एकत्र आणून हेलियमचे गर्भ बनवितो आणि त्यांतून निघणाऱ्या उष्णतेवर जगतो. हेलियमच्या गर्भांत दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असे चार कण असतात, आणि ते इतके घट्ट बांधलेले असतात कीं, आवळलेल्या मुठीचीच उपमा त्यांना शोभावी. पुढें मध्यभागींचा हायड्रोजन संपला म्हणजे ताऱ्याचा गाभा आकसतो, त्याचें तापमान सुमारे १० कोटी अंशांपर्यंत चढतें आणि हेलियमची पाळी येते.

आतां येथें अडचण उभी राहते. हेलियमच्या चार कणांत एकाची भर घातली तर पांच कण होतात. दोन हेलियम जोडले तर आठ होतात. परंतु पांच कणांचा किंवा आठ कणांचा एकहि अणुगर्भ स्थिर नाहीं. दोन हेलियमगर्भ मिळून जो गर्भ होतो, तो बेरिलियम या मूलद्रव्याचा. त्यांत आठ कण असल्यामुळें त्याला बेरिलियम-८ म्हणतात. त्याची ऊर्जा त्याच्या दोन घटकांच्या एकत्रित ऊर्जेपेक्षां सुमारे ९२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टनें अधिक आहे. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हें सूक्ष्म कणांची ऊर्जा मोजण्याचें माप आहे. घटकांपेक्षां जोड महाग पडली कीं ती जोड तुटणारच. बेरिलियम-८ हा गर्भहि तुटतो. एका सेकंदाचे एकावर सतरा शून्यें इतके समान भाग कल्पिले, तर त्यांतील सुमारे आठ भाग संपेपर्यंत अशा गर्भांपैकीं निम्मे फुटून गेलेले असतात.

मग एवढा काळ तरी तो टिकतो कसा? जी जोड तोट्याची आहे, ती तत्क्षणींच कां मोडत नाहीं?

या प्रश्नाच्या उत्तरासाठीं पेणच्या खारेपाटाकडे पाहिलें असतां उपयोग होतो. पेणच्या पश्चिमेस आणि रोह्याच्या खालीं कुंडलिकेच्या खाडीकांठीं भरतीच्या पाण्यापासून शेतें राखण्यासाठीं मातीचे बांध घातलेले असतात. पावसाळ्यांत बांधाच्या आंत गोडें पाणी सांचतें. ओहोटीच्या वेळीं बाहेरच्या खाडीची पातळी खालीं जाते आणि आंतलें पाणी उंचावर राहतें. त्या पाण्याला बाहेर जाण्याची ओढ आहे. खालची पातळी बाहेर त्याची वाट पाहत आहे. पण मध्यें बांध आहे. म्हणून तें एकदम न जातां हळूहळू झिरपतें. बांध तळाशीं रुंद व माथ्याशीं अरुंद असतो. पाणी तळालाच असेल तर त्याला मातीचा जाड थर ओलांडावा लागतो व झिरपण्यास फार वेळ लागतो. पाणी माथ्याच्या जवळ चढलें असेल तर थर पातळ असतो, पाणी लवकर फुटतें आणि बांधाला खांड पडते.

बेरिलियम-८ च्या दोन हेलियमगर्भांमध्यें असाच एक बांध असतो. दोन्ही गर्भांवर धनविद्युत् आहे, म्हणून ते दुरून एकमेकांस ढकलतात. अगदीं जवळ आले म्हणजे मात्र अणुगर्भीय आकर्षण त्यांना ओढून धरतें. ढकलणें आणि ओढणें यांच्या सीमेवर ऊर्जेचा हा बांध उभा राहतो. त्याचा माथा दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर आहे, आणि बेरिलियमची ‘पातळी’ केवळ ९२ हजारांची आहे. म्हणजे पाणी तळाशींच आहे. त्या पातळीवर बांधाची रुंदी प्रत्यक्ष गर्भाच्या आकाराच्या दहा-पंधरा पट भरते. म्हणून आंतल्या दोन हेलियमगर्भांना एकमेकांभोंवतीं लाखभर फेऱ्या घालण्यास अवसर मिळतो आणि मग केव्हां तरी ते निसटतात. माणसाच्या घड्याळानें हा काळ कांहींच नाहीं. अणुगर्भाच्या घड्याळानें तो दीर्घायुष्य आहे.

उपमेची मर्यादाहि लक्षांत ठेवली पाहिजे. मातीच्या बांधाला छिद्रें असतात व पाणी त्यांतून जातें. ऊर्जेच्या बांधाला छिद्र नसतें. सूक्ष्म कणांचें वागणें तरंगासारखें असतें, आणि तरंगाचें शेंपूट बांधाच्या पलीकडेहि किंचित् पोंचतें. त्या शेंपटाच्या प्रमाणांत कण पलीकडे सांपडण्याचा संभव असतो. ही गोष्ट १९२८ सालीं जॉर्ज गॅमॉव्ह यांनीं, आणि त्याच वर्षीं स्वतंत्रपणें गर्नी व काँडन यांनीं दाखवून दिली.

अशा स्थितीला अनुनाद कां म्हणावें, हें झोपाळ्यावरून कळतें. कोकणांतील जुन्या घरांत ओटीवर झोपाळा असतो. त्याला कसेहि धक्के दिले तर तो थोडासा हलून थांबतो. पण त्याच्या स्वतःच्या लयीशीं जुळवून हलके धक्के दिले तर तो उंच जातो. प्रयोगशाळेंत हेलियमच्या गर्भांवर हेलियमचेच गर्भ निरनिराळ्या ऊर्जांनीं सोडतात. बहुतेक ऊर्जांना ते एकमेकांवरून घसरून निघून जातात. परंतु एका ठराविक ऊर्जेला त्यांची लय जुळते, ते कांहीं काळ एकमेकांत गुंततात, आणि टकरीचें प्रमाण एकदम वाढतें. आलेखावर तेथें एक टेंकडी दिसते. टेंकडीचें शिखर अनुनादाची ऊर्जा सांगतें आणि टेंकडीची रुंदी त्याचें आयुष्य सांगते. ज्या झोपाळ्याच्या कड्या नीट तेल दिलेल्या आहेत तो पुष्कळ वेळ हलत राहतो, आणि त्याची लयहि अगदीं नेमकी असते; ज्याच्या कड्या करकरतात तो लवकर थांबतो, आणि त्याला लय थोडी चुकली तरी चालते. त्याचप्रमाणें अरुंद टेंकडी म्हणजे दीर्घ आयुष्य व रुंद टेंकडी म्हणजे अल्प आयुष्य.

बेरिलियम-८ च्या सर्वांत खालच्या स्थितीची रुंदी सुमारे ५.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. ९२ हजारांच्या मानानें ही रुंदी म्हणजे सुईचें टोंकच. त्याच गर्भाची दुसरी स्थिति ३०.३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आहे आणि तिची रुंदी १५ लाखांच्या आसपास आहे; तिसरी सुमारे ११३ लाखांवर असून तिची रुंदी ३५ लाखांच्या घरांत जाते. पाणी बांधाच्या माथ्याला लागलें कीं काय होतें, हें या आंकड्यांवरून दिसतें. पांच कणांच्या हेलियम-५ ची गोष्ट आणखी बिकट आहे. तेथें बाहेर पडणारा कण न्यूट्रॉन आहे. त्याच्यावर विद्युत् नाहीं, म्हणून विद्युतीचा बांधहि नाहीं. गर्भाभोंवतीं फिरतांना जी बाहेर फेंकणारी प्रेरणा उत्पन्न होते, तिचाच एक ठेंगणा बांध त्याला कसाबसा अडवितो. त्यामुळें सेकंदाचे एकावर बावीस शून्यें इतके भाग केले तर त्यांतील सुमारे सात भागांत हेलियम-५ निम्मा उरतो.

आतां गणिताकडे वळावें. सूक्ष्म कणांचें गणित शिकविणाऱ्या पुस्तकांत कणांच्या अवस्था दोन प्रकारच्या मानतात. एक बद्ध अवस्था. तींत कण एका जागीं कायमचे बांधलेले असतात, त्यांची ऊर्जा ठराविक असते आणि त्यांचा तरंग दूरवर शून्य होतो. दुसरी मुक्त अवस्था. तींत कण दुरून येतो, वळतो व निघून जातो, आणि त्याला कोणतीहि ऊर्जा चालते. अनुनाद या दोहोंच्या मधला आहे. आंत पाहिलें तर तो बद्ध वाटतो, दुरून पाहिलें तर मुक्त. जुन्या दोन कप्प्यांपैकीं कोणत्याहि एकांत त्याला बसविलें तर त्याचें अर्धें सत्य हरवतें. त्याला केवळ बद्ध मानणारें गणित त्याची ऊर्जा देतें पण आयुष्य देत नाहीं. केवळ मुक्त मानणारें गणित टेंकडी दाखवितें पण टेंकडीच्या मागें कोण उभा आहे हें सांगत नाहीं.

यांतून निघण्याची पहिली वाट गॅमॉव्ह यांनींच दाखविली होती. त्यांनीं ऊर्जेला संमिश्र संख्या मानलें. म्हणजे तिला एक वास्तव भाग दिला आणि एक कल्पित भाग दिला. वास्तव भाग टेंकडीच्या शिखराची जागा सांगतो, कल्पित भाग तिची रुंदी सांगतो. १९३६ सालीं ब्राइट व विग्नर यांनीं टेंकडीच्या आकाराचें सूत्र दिलें. १९३९ सालीं सीगर्ट यांनीं अट घातली कीं, अशा स्थितींत कणांचा तरंग फक्त बाहेर जाणारा असावा, आंत येणारा नसावा. गळती ही वस्तूबाहेरची आपत्ति नसून वस्तूच्याच वर्णनाचा एक भाग आहे, असें या अटीनें मान्य केलें.

परंतु या मान्यतेची किंमत द्यावी लागली. बाहेर जाणारा हा तरंग दूर जावें तसा लहान होण्याऐवजीं मोठा होत जातो. प्रथमदर्शनीं हें चमत्कारिक वाटतें, पण त्याचें कारण साधें आहे. जे कण आज फार दूर दिसतात, ते आधीं निघालेले असतात. आणि ते निघाले तेव्हां न फुटलेले गर्भ अधिक शिल्लक होते. म्हणून जितकें दूर पाहावें तितकी गर्दी अधिक. अर्थ सरळ असला तरी अनंतापर्यंत वाढणारा तरंग नेहमींच्या गणिताला पेलत नाहीं. १९४७ सालीं विग्नर व आयझेनबड यांनीं एक व्यवहारी तोड काढली. त्यांनीं गर्भाभोंवतीं एक कल्पित कुंपण घातलें. कुंपणाच्या आंत बद्ध अवस्थेचें गणित करावें, बाहेर मुक्त अवस्थेचें करावें आणि कुंपणावर दोहोंची सांधणी करावी. प्रयोगांतील आंकड्यांचा अर्थ लावण्यास ही पद्धति आजहि वापरतात. १९७१ च्या सुमारास गणितज्ञांनीं दुसरी युक्ति दिली: अंतर मोजण्याची पट्टीच एका कल्पित कोनांतून फिरवावी, म्हणजे वाढणारा तरंग आटोक्यांत येतो आणि अनुनाद बद्ध स्थितीसारखा हाताळतां येतो.

अनुनाद ओळखण्याची आणखी एक रीत म्हणजे उशीर मोजणें. दोन हेलियमगर्भ एकमेकांवर कांहींच प्रेरणा नसती तर जेव्हां निघून गेले असते, त्यापेक्षां ते किती उशिरां निघाले, हें टकरीच्या आंकड्यांवरून काढतां येतें. जेथें उशीर अधिक, तेथें ते आंत गुंतून राहिले असले पाहिजेत. या कल्पनेचा पाया आयझेनबड व विग्नर यांनीं १९४८ ते १९५५ या काळांत घातला. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील आन्देस विद्यापीठांत काम करणाऱ्या नीलिमा केळकर यांनीं मारेक नोवाकोव्स्की व कंचन खेमचंदानी यांच्यासह २००४ सालीं हीच कल्पना बेरिलियम-८ ला लावली. अस्थिर गर्भ समान काळांत समान प्रमाणानें घटत जातात, असा सर्वत्र शिकविला जाणारा नियम आहे. परंतु सूक्ष्म जगाचें गणित सांगतें कीं, फार दीर्घ काळानें ही घट नियमापेक्षां मंद व्हावयास हवी. प्रत्यक्ष प्रयोगांत तें पाहणें कठीण, कारण तोंवर पाहण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. या तिघांनीं टकरींच्या जुन्या मापनांतूनच त्या मंदावण्याचा पुरावा काढून दाखविला.

येथपर्यंत बेरिलियम-८ किती टिकतो हें झालें. तो दिसतो कसा, हा पुढचा प्रश्न. १९३७ सालीं जॉन व्हीलर यांनीं असें गणित मांडलें कीं, हलक्या गर्भांत कण सुटेसुटे न राहतां गटागटानें राहतात. त्या दृष्टीनें बेरिलियम-८ म्हणजे दोन हेलियमगर्भांची जोडगोळी. व्यायामशाळेंतील डंबेलसारखा त्याचा आकार. लांबट वस्तु स्वतःभोंवतीं फिरूं लागली म्हणजे तिच्या फिरण्याच्या ऊर्जा एका ठराविक प्रमाणांत येतात. शुद्ध फिरणाऱ्या डंबेलच्या बाबतींत बेरिलियमच्या तिसऱ्या व दुसऱ्या स्थितींच्या ऊर्जांचें प्रमाण सव्वातीनच्या थोडें वर यावें. प्रत्यक्षांत तें पावणेचारच्या जवळ येतें. जुळणी पूर्ण नाहीं, पण अंदाज बळकट होण्यास पुरेशी आहे.

तरीहि शंका राहतेच. तिसरी स्थिति इतकी रुंद आहे कीं, ढोबळ हिशेबानें तिच्या आयुष्यांत गर्भाची एक गिरकीहि पुरी होत नाहीं. जी वस्तु एक फेरी पुरी करण्यापूर्वींच मोडते, ती फिरत होती असें म्हणण्याला आधार काय? आधार एकच असूं शकतो. विद्युत् धारण करणारी लांबट वस्तु फिरतां फिरतां मंदावली तर तिनें गामा किरण सोडला पाहिजे, आणि तो किती वेळां सोडला जातो यावरून ती किती लांबट आहे हें ठरतें. पण तिसऱ्या स्थितींतील गर्भ जवळजवळ नेहमीं फुटूनच जातो. गामा किरण सोडून दुसऱ्या स्थितीवर उतरण्याचा योग, गणिताप्रमाणें, सुमारे एक कोटींत एकदां.

हा एक कोटींतला एक क्षण मुंबईंत पकडला गेला. रायगड जिल्ह्याचें नांव १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा असें होतें. बंदराच्या पलीकडे मुंबई शहरांतहि एक कुलाबा आहे, आणि तेथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारांत पेलेट्रॉन नांवाचें कणवेगवर्धक यंत्र आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था या दोघांचें मिळून तें यंत्र १९८८ च्या अखेरीस सुरू झालें. विवेक दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं या यंत्रांतून निघालेले हेलियमगर्भ हेलियम वायूवरच सोडले. गामा किरण आणि फुटून निघालेले दोन हेलियमगर्भ हीं तिन्हीं एकाच क्षणीं नोंदलीं गेलीं तरच ती घटना खरी धरावयाची, असा दंडक ठेवला. अनुनादाच्या ऊर्जेवर नेम धरला असतां या घटनेचें प्रमाण १६५ नॅनोबार्न आलें. नेम बाजूला सरकविला असतां तें ३९ वर उतरलें. नॅनोबार्न हें टकरीचा संभव मोजण्याचें अत्यंत लहान माप होय. दोन्ही आंकड्यांत बरीच अनिश्चितता होती, तथापि टेंकडी तेथें आहे हें स्पष्ट दिसलें. २००५ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बेरिलियम-८ डंबेलसारखा आहे, याची गामा किरणानें दिलेली ही पहिली साक्ष होती.

अनिश्चितता मोठी असल्यामुळें निरनिराळ्या सिद्धान्तांत निवड करणें त्या वेळीं शक्य नव्हतें. म्हणून दातार यांच्या गटानें तोच प्रयोग अधिक तयारीनें पुन्हा केला आणि २०१३ सालीं सुमारे तिपटीनें अधिक अचूक असें माप प्रसिद्ध केलें. त्या निबंधांत अमेरिकेंतील रॉबर्ट वायरिंगा व साओरी पास्तोरे हे सिद्धान्तकारहि सहभागी होते. त्यांचें गणित गटांच्या कल्पनेपासून आरंभ करीत नाहीं. आठ कण, त्यांतील प्रत्येक दोघांमधली प्रेरणा आणि प्रत्येक तिघांमधली प्रेरणा, एवढेंच भांडवल घेऊन तें संगणकावर चालतें. डंबेलचा आकार त्यांतून आपोआप बाहेर यावा लागतो, आणि तो येतो.

या गणितांतहि गळतीचा प्रश्न सुटलेला नाहीं. संगणक पायरीपायरीनें गर्भाची खरी स्थिति शोधीत जातो. बद्ध गर्भाच्या बाबतींत कांहीं पायऱ्यांनंतर उत्तर स्थिरावतें. रुंद अनुनादाच्या बाबतींत मात्र, जितकें पुढें जावें तितका गर्भ पसरत जातो आणि अखेरीस दोन सुट्या हेलियमांत विरूं लागतो. म्हणून विरण्याचा आरंभ होण्यापूर्वींच्या पायऱ्यांवरून उत्तर काढावें लागतें. तें नेमकें कोठून काढावें, याविषयींची अनिश्चितता उत्तरांत राहते. मुंबईचें अचूक माप अशा ठिकाणीं उपयोगी पडतें. संगणकाचें उत्तर आणि गटांच्या जुन्या प्रतिमानाचें उत्तर, दोन्हीं एकाच मोजलेल्या आंकड्यासमोर उभीं करतां येतात.

आतां पुन्हा ताऱ्याकडे जावें. १९५२ सालीं एडविन सॅल्पीटर यांनीं दाखविलें कीं, तापलेल्या ताऱ्यांत बेरिलियम-८ सतत घडत व मोडत असल्यामुळें त्याचा एक अल्पसा साठा नेहमीं असतो. शेकडो कोटी हेलियमगर्भांमागें तो एखादाच असतो. तो मोडण्यापूर्वीं तिसरा हेलियमगर्भ येऊन आदळला तर बारा कणांचा कार्बन तयार होतो. पण हा हिशेब करतांना फ्रेड हॉइल यांना दिसलें कीं, या वाटेनें कार्बन फार मंदपणें होईल, आणि जो होईल तोहि पुढें ऑक्सिजनमध्यें बदलून जाईल. विश्वांत कार्बन तर भरपूर आहे. तेव्हां १९५३ सालीं त्यांनीं निष्कर्ष काढला कीं, कार्बनच्या गर्भालाहि योग्य जागीं एक अनुनाद असला पाहिजे. तो सुमारे ७७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टवर असावा. हा दावा घेऊन ते कॅलिफोर्नियांतील विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेंत गेले. प्रथम तेथें संशयच व्यक्त झाला. पण वॉर्ड व्हेलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोजून पाहिलें, आणि ७६.८ लाखांवर ती स्थिति सांपडली. आजचें माप ७६.५ लाखांचें आहे. तीन सुट्या हेलियमगर्भांच्या ऊर्जेहून ती केवळ ३.८ लाखांनीं वर आहे. पुढें फाउलर यांना १९८३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हॉइल यांना तें मिळालें नाहीं.

मराठी वाचकांना हॉइल हें नांव परकें नाहीं. कोल्हापुरांत १९३८ सालीं जन्मलेले जयंत नारळीकर हे केंब्रिज येथें हॉइल यांचे शिष्य. १९६४ सालीं गुरुशिष्यांनीं मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक सिद्धान्त मांडला, आणि १९८८ सालीं पुण्यांत आयुका ही संस्था स्थापन झाली तेव्हां नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. मे २०२५ मध्यें त्यांचें निधन झालें. ताऱ्यांत मूलद्रव्यें कशीं घडतात, ही गोष्ट अनेक मराठी घरांत त्यांच्याच लेखनांतून पोंचली.

हॉइल यांच्या दाव्याविषयीं पुष्कळदां असें सांगितलें जातें कीं, माणूस आहे म्हणून ती स्थिति असलीच पाहिजे असा त्यांचा युक्तिवाद होता. १९५३ सालीं त्यांच्यापुढें ताऱ्यांतील कार्बन व ऑक्सिजन यांच्या प्रमाणाचा हिशेब होता; माणसाच्या अस्तित्वाचा संबंध त्या गोष्टीशीं पुष्कळ वर्षांनीं जोडला गेला. हिशेबाचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं, उलट वाढतें. विश्वांत दिसणाऱ्या कार्बनच्या प्रमाणावरून अणुगर्भाच्या आंतली एक पातळी सांगावयाची, आणि ती मोजणाऱ्यानें खोटी ठरविली तर सर्व मांडणी सोडून द्यावयाची, एवढा धोका पत्करूनच तें भाकित केलें होतें.

ही पातळीसुद्धां गळकीच आहे. या स्थितींत आलेले बहुतेक कार्बनगर्भ पुन्हा तीन हेलियमगर्भांत फुटतात. दर दहा हजारांत सुमारे चारच गर्भ ऊर्जा बाहेर टाकून स्थिर कार्बन होतात. त्या चारांवर जगांतील सर्व कार्बनचा संसार चालला आहे. ही स्थिति कणांच्या मूळ प्रेरणांपासून गणितानें काढणें फार काळ कोणाला जमलें नव्हतें. २०११ सालीं एपेलबाउम, क्रेब्स, ली व माइसनर यांनीं अवकाशाला जाळीच्या घरांसारखें मानून, मोठ्या संगणकावर ती प्रथम काढून दाखविली. तिच्यांतील तीन हेलियमगर्भांची नेमकी मांडणी कशी असते, यावर अजून काम चालू आहे.

एवढ्या विवेचनावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. टिकाऊपणा हेंच अस्तित्वाचें माप धरलें, तर बेरिलियम-८ ला वस्तु म्हणणेंहि कठीण पडेल. परंतु निसर्गाच्या हिशेबांत एखादी वस्तु किती टिकली यापेक्षां, टिकली तेवढ्या काळांत तिच्यापर्यंत दुसरें कोणी येऊन पोंचलें कीं नाहीं, याला महत्त्व आहे. बेरिलियम-८ लाखभर फेऱ्या होईतों थांबतो, आणि शेकडो कोटींत एखाद्याच ठिकाणीं कां होईना, तिसरा हेलियमगर्भ त्या अवधींत येऊन भिडतो. सिद्धान्तकारांचें काम तो अवधि नेमका सांगण्याचें आहे; आणि ज्या बांधांतून तो अवधि निसटतो, त्या बांधाची गळती मोजल्यावांचून तें काम पुरें होत नाहीं.